‘अहो’ म्हटलं की सगळ्याच डिश वळतात

प्रिय पवित्राच्या आई,

निघताना अंगणात उभं राहून तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून गोठ्यात गेलो होतो. म्हैस नुकतीच पाणी पिऊन बसली होती, हे तुलाही माहीत होतं. तू थोडा वेळ थांबलीस, मग पिशवी उचललीस आणि उतरणीला लागलीस. पोखऱ्याची कार्यशाळा आता संपत आली असेल. ती संपली की त्या लोकांना तुला सांगायचं आहे, पुढची दोन वर्षं नदीपलीकडच्या गावांतून हिंडून बायामाणसांना हे वायफायचं बिनतारी जाळं जोडायला आणि सांभाळायला शिकवशील की नाही. माझं उत्तर आल्याशिवाय तू हो म्हणणार नाहीस, आणि मी गप्पच राहिलो तर नाही सांगून घरी येशील, एवढं मी तुला ओळखतो. तेव्हा या पत्रात उत्तर आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तूही ओळखतेस. आधी घरचं ऐक.

म्हैस दूध देते, पण मनापासून नाही. धार काढताना मान वळवून बघते, तू आलीस का म्हणून. मी बसलोय हे दिसलं की एक सुस्कारा सोडते. माझा नाचणीच्या पिठाचा ढिंडो अजून गुठळ्यांचाच होतो. शेजारची म्हातारी ठुली आमा रोज गुंद्रुकच्या आंबट भाजीची वाटी घेऊन येते, माझ्या ताटात डोकावते आणि म्हणते, “माइला, हे तू खातोस की छपराची भोकं बुजवायला ठेवलंयस?” मग स्वतःच चुलीपुढं बसते. पवित्राचा बुटवलहून निरोप होता, जावयाचा खोकला बरा आहे. नाचणी झोडून झाली. घर झाडलेलं आहे, पण तू झाडतेस तसं नाही.

तू गेल्यावर चारच दिवसांत इथं मोठं वारं सुटलं. पाठोपाठ गारा. वरच्या घरच्या काइलाच्या गोठ्याचे दोन पत्रे उडून मकईच्या शेतात जाऊन पडले. आपल्या छपरावरची डिश जागेवर होती, पण मान फिरवून बसली होती. धुरीखर्कच्या टॉवरकडं बघायचं सोडून ती खाली नदीकडं बघत होती. गावचं वायफाय गेलं. तासाभरात सगळं गाव आपल्या अंगणात. काइलाच्या मुलाचा दोहाहून फोन यायचा होता, आरोग्य चौकीच्या दिदीला बेनीच्या डॉक्टरला एका बाळंतिणीचं विचारायचं होतं, आणि खालच्या घरच्या साइलाला काहीच नको होतं, तो नुसता गर्दी बघून आला होता.

डिश सरळ करणं मला येतं. वसंतातल्या कार्यशाळेत रोजिना मिसनं ते सगळ्यांकडून करून घेतलं होतं. एकानं छपरावर डिश हलवायची, दुसऱ्यानं खाली फोनमध्ये वायफायच्या पेटीचं पान उघडून आकडा वाचायचा. आकडा उणे असतो, जितका कमी उणा तितकं चांगलं. ठुली आमा तेव्हा म्हणाली होती, “म्हणजे संसारासारखंच, कमी उणं तेच बरं.” पण ते पान उघडायला पेटीचा पासवर्ड लागतो, आणि तो वसंतात तूच ठेवला होतास. निघताना अंगणात तो प्रश्न विचारण्याआधी तू सांगितलं होतंस, “पासवर्ड कुठं लिहून ठेवलेला नाही. तुम्हाला माहीतच आहे तो.” मी मान हलवली होती. तू काहीही म्हणालीस तरी मी मान हलवतो, ही सवय मला त्या दिवशी महागात पडली.

आता वसंतातल्या त्या कार्यशाळेची तुला आठवण करून देतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. शाळेचा मोठा वर्ग, बाक बाजूला सरकवलेले, आणि मध्ये उभी रोजिना मिस, ती काठमांडूची किडकिडीत पोरगी. पहिल्याच दिवशी चौतारीच्या पारावर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. काइलानं वायफायचा पासवर्ड चुन्यानं भिंतीवर लिहून ठेवला होता, हाताएवढ्या अक्षरांत. ती म्हणाली, “दाइ, हा सगळ्यांना दिसतोय.” काइला म्हणाला, “दिसावा म्हणूनच लिहिलाय. वाटसरूला पाणी विचारतो, तसं हेही विचारायला नको का?” तिनं तिथंच ठरवलं असणार की या गावाला सुरक्षेचा धडा आधी शिकवायचा.

त्या धड्याच्या दिवशी आम्ही बापे मागं भिंतीला टेकून बसलो होतो आणि तुम्ही बायका पुढं. मिस म्हणाली, “प्रत्येकीनं एक शब्द निवडा. असा, की जो तुम्ही कधीच कोणापुढे बोलत नाही. तो तुमचा पासवर्ड.” मला वाटलं होतं, आता तुम्ही संध्याकाळपर्यंत विचार करणार. पण एकीनंही डोकं वर केलं नाही. सगळ्यांनी खाली माना घालून एका दमात शब्द लिहिला, आणि कोणी पदर तोंडाला लावला, कोणी खिडकीबाहेर बघायला लागली. मिस खूश झाली. मग तिनं खेळ लावला, शेजारणीचा पासवर्ड ओळखा. साइलाची बायको साइली उठली, एकेकीचा फोन हातात घेतला आणि शेंगा सोलाव्यात तसे उघडत गेली. सगळ्यांनी आपापल्या नवऱ्याचं नाव ठेवलं होतं.

मिसनं कपाळाला हात लावला. “अगं, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे.” त्यावर ठुली आमा शांतपणे म्हणाली, “माहीत असलं म्हणून काय झालं? बोलतं कोण?” मागं आम्ही पुरुष हसून लोळलो, पण खरं सांगू, प्रत्येकजण आतून जरा फुगलाही होता. तुझा फोन तेवढा साइलीला उघडता आला नाही. तिनं दोनदा माझं म्हणून ‘माइला’ घालून पाहिलं. “माइली दिदीनं काहीतरी वेगळंच ठेवलंय,” ती म्हणाली, आणि सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. तू नुसती हसलीस. बाकीच्यांना मिसनं शब्द बदलायला लावले, तुला नाही. घरी येताना मी तुझ्याशी जरा तुटक बोललो होतो. तू विचारलंस, “पोटात दुखतंय का?” मी हो म्हणालो आणि तू मला ओवा घालून पाणी उकळून दिलंस. ते मी निमूट प्यालो.

दुसऱ्या दिवशीचा गोंधळ तर तुला मरेपर्यंत पुरेल. आम्ही चौघं डोंगराच्या सोंडेवर चार डिश घेऊन, तुम्ही चौघी शाळेच्या गच्चीवर आकडे वाचायला, आणि मध्ये एकाच सुरावर लावलेले वॉकी-टॉकी. पहिला आवाज आला, “अहो, जरा डावीकडं.” चारही डिश डावीकडं. “अहो, तुम्ही नाही, अहो तुम्ही.” चारही परत उजवीकडं. काइला ओरडला, “कोणाचा अहो हवाय ते आधी ठरवा.” मिस तुम्हा चौघींना सांगताना ऐकू आली, ती रडकुंडीला आली होती. “रेडिओवर नाव घेऊन हाक मारायची असते, भाउजू. हा नियम आहे. नाव घेतल्याशिवाय कोणी हलणार नाही.” मग जी शांतता पसरली, ती अजून माझ्या कानात आहे. वारा, खाली कुठंतरी कोंबडा, आणि चार बायका श्वास धरून. शेवटी तूच वाट काढलीस. “ते, ज्यांची म्हैस काल साइलाच्या मकईत शिरली होती, ते. त्यांनी थोडं उजवीकडं.” मी थोडं उजवीकडं वळवलं. मिस म्हणाली, चारांत सगळ्यात आधी आपली जोडी जुळली.

तर त्या गारांच्या दिवशी पेटीपुढं मी बसलो आणि सगळं गाव मला शब्द सुचवायला लागलं. आधी पवित्राचं नाव घातलं. नाही. मग म्हशीचं. नाही. मग आपल्या कुलदेवतेचं, तेही नाही. तीनदा चुकलं की पेटी तोंड बंद करते आणि थोडा वेळ थांबा म्हणते, तेवढ्यात चहा व्हायचा. तुझ्या माहेरच्या गावाचं नाव घातलं, तुझ्या त्या पांढऱ्या बकरीचं घातलं जी मेली तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. साइला म्हणाला, “पोखरा घाला, दिदीला तिकडंच जायचं होतं ना.” त्याला सगळ्यांनी गप्प केलं, पण मला ते लागलं. आरोग्य चौकीची दिदी कंटाळून खालच्या गावाकडं पायी निघाली. बाळंतीण सुखरूप आहे, मुलगी झाली, ते नंतर कळलं. पण ती उतरत होती तेव्हा मला स्वतःचाच राग आला. बायकोनं माहीत आहे म्हणून सांगितलेला एक शब्द मला माहीत नव्हता.

मग ठुली आमा काठी टेकत पुढं आली. म्हणाली, “तुम्ही बापे जे जे बोलता ते ते घालताय. ती काय बोलत नाही ते बघा की.” साइली म्हणाली, “आमा, ‘माइला’ मी तेव्हाच घालून बघितलं होतं.” ठुली आमा तिच्यावरच उखडली. “माइला हे काय नाव झालं? दुसरा जन्मला म्हणून माइला. प्रत्येक घरात एक पडलाय. याचं बारशाचं नाव काय?”

कोणालाही माहीत नव्हतं. काइला, जो माझ्याबरोबर एका पाटीवर शिकला, तो म्हणाला, “होतं काहीतरी, लांबलचक. मास्तर हजेरी घेताना दमायचे.” साइलानं आयुष्यात पहिल्यांदा मला नीट निरखून बघितलं. मी ठुली आमाला म्हणालो, “तू तर बारशाला होतीस.” ती म्हणाली, “होते रे. पण खीर माझ्याकडं होती, ती लागायला आली होती. भटजी कानात काय बोलले ते मी ऐकलं नाही.” सगळे हसले, मीही हसलो, पण माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला सांगतो. इतके शब्द घालून बघितले, म्हशीचं, बकरीचं, देवाचं, आणि माझं स्वतःचं नाव मला सुचलं नव्हतं. आई-बाबा गेल्यापासून ते कोणी उच्चारलेलं नाही. नागरिकत्वाच्या कागदावर तेवढं असतं, आणि तो कागद वाचतो कोण? नाव तसं भारदस्त आहे, आजोबांनी पलटणीतून आल्यावर हौसेनं ठेवलेलं. शेणाच्या टोपलीखाली ते कुठं दबून गेलं, माझं मलाही कळलं नाही.

मी सगळ्यांना सांगितलं की पेटी आता बराच वेळ उघडणार नाही, घरी जा, जेवा. साइलाला तेवढं छपरावर बसवून ठेवलं. आत येऊन दार लोटलं आणि शाळेत शिकवलं होतं तसं एकेक इंग्रजी अक्षर शोधून दाबलं. नाही उघडली तर काय, याची भीती होती, आणि उघडली तर काय, याचीही. उघडली.

पेटीसमोर बराच वेळ बसून होतो. वरून साइला ओरडत होता, “दाइ, आकडा सांगा, मी इथं गारठलोय.” मला आकडा दिसत नव्हता, डोळ्यांत पाणी आलं होतं. लग्न झाल्यापासून तुझ्या तोंडून मी ते नाव एकदाही ऐकलं नाही, आणि ऐकायचं असतं असं मला कधी वाटलंही नाही. पण गेल्या वसंतापासून तू रोज सकाळी पेटी तपासायला बसायचीस तेव्हा ते लिहीत होतीस. मी शेजारी बसून चहा पीत असायचो आणि विचारायचो, “झालं का?” तू म्हणायचीस, “झालं.” साऱ्या गावानं टाकून दिलेलं माझं नाव तू एकटीनं वापरात ठेवलं होतंस. पवित्राच्या आई, माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. हे लिहिता येतंय, कारण तू समोर नाहीस.

डिश मग लगेच जुळली. काइलाचा मुलगा दोहाहून बोलला, चौतारीवर पुन्हा माना एका फोनवर वाकल्या. साइली अजून विचारते, “दाइ, काय होता शब्द?” मी म्हणतो, सांगितला तर पासवर्ड कसला. मिसच्या नियमाप्रमाणं एकदा ओळखला गेलेला शब्द बदलायचा असतो, म्हणून मी तो त्याच दिवशी बदलला. नवा कुठं लिहिलेला नाही. तुला माहीतच आहे तो. मी जे कधी बोलत नाही आणि गाव ज्याला माइली म्हणून विसरून गेलंय, ते. तू आलीस की पहिल्या फटक्यात पेटी उघडशील.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी हे सगळं बोलणार होतो. पण चौतारीवर साइला डाव्या खांद्यावर आणि ठुली आमा उजव्या. तू विचारलंस, “पेटी कशी उघडली?” मी म्हणालो, “उघडली.” तुझं हसू ऐकू आलं, अगदी बारीक. मग तू विचारलंस, “बाकी?” मी म्हणालो, “म्हैस बरी आहे.” ठुली आमानं मला काठीनं ढोसलं, तेवढ्यात आरोग्य चौकीच्या दिदीला फोन हवा झाला. म्हणून हे पत्र. पूर्णे खेचरवाला उद्या बेनीला उतरतोय, तिथून तो बसच्या कंडक्टरकडं देईल. सोबत तुपाची बरणी आहे, ती मिसला दे. अर्धी दे.

आता उत्तर. जा. दोन वर्षं जा, लागली तर तीन. लोक काय म्हणतील म्हणून मी गोठ्यात गेलो नव्हतो, ढिंड्याचीही मला फिकीर नव्हती. मला वाटलं होतं, तू गेलीस की मला हाक मारणारं कोणी उरणार नाही. गावाला मी माइला, आणि माइला घरोघर आहेत. तुझं ‘अहो’ तेवढं माझं एकट्याचं होतं, चार डिश वळल्या तरी. ती भीती आता गेली. तुझी पहिली कार्यशाळा नदीपलीकडं, समोरच्या पाखाबारी गावात आहे असं तू म्हणाली होतीस, आणि तिथली डिश धुरीखर्कच्या टॉवरशी जुळवावी लागणार. त्या दिवशी टॉवरपाशी दुसरं कोणी नसेल, मी असेन, मी काइलाला आजच तसं सांगून ठेवलंय. तू पलीकडून तुझ्या नव्या विद्यार्थिनींसमोर वॉकी-टॉकी हातात घेशील. ‘अहो’ म्हणालीस तर मी टॉवरवरची डिश हलवणार नाही. म्हशीवरून ओळख दिलीस तरी नाही. नियम तुमचाच आहे, नाव घेतल्याशिवाय कोणी हलायचं नाही, आणि मधे अख्खी दरी आहे, माझा चेहरा तुला दिसणार नाही, तेव्हा लाजायचं कारण नाही. मी ऐकत बसेन, कितीही वेळ लागला तरी. नाव खाली लिहिलंय. तिथपर्यंत एकटी असताना म्हणून बघ.

तुझाच,
ललितध्वज